शिट्टी

विश्वजितला स्वयंपाक येत होता. म्हणजे मोबाइलवर. दोन महिन्यांत त्यानं दीडशे व्हिडिओ पाहिले होते, वीतभर पात्याची जपानी सुरी मागवली होती, छातीवर स्वतःचं नाव विणलेला अ‍ॅप्रनसुद्धा. पदार्थ तेवढा अजून एकही केला नव्हता.

आता मात्र करणं भाग होतं. बायकोला, निशिगंधाला, बढतीसाठी तीन महिने नाशिकला ट्रेनिंगला जायचं होतं आणि होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. घरात आठ वर्षांची मोना. पोरगी उपाशी राहणार असेल तर निशिगंधा जाणार नव्हती. म्हणून तिनं उचगावहून नणंदेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. ही विश्वजितची थोरली बहीण, आक्का.

"साधा वरणभात कर," आक्का खुर्ची ओढत म्हणाली.

"वरणभात कोण बी करतंय! मी पांढरा रस्सा करणार."

"कुकर लावता येतोय न्हवं?"

"त्यात काय यायचं असतंय, आक्का? गॅसवर ठेवला की झालं."

जपानी सुरीनं पहिला कांदा कापला आणि दुसऱ्या कांद्याला बोट. पट्टी बांधून साहेबांनी मटण कुकरात घातलं. व्हिडिओतल्या बाईनं चार शिट्ट्या सांगितल्या होत्या. पाऊण तास झाला तरी एक होईना. विश्वजितनं थेट मटणवाल्याला फोन लावला.

"इमामभाई, कसलं मटण दिलंय? शिट्टीच होईना!"

"दादा, शिट्टी कुकरला असती, बोकडाला न्हवं."

तेवढ्यात करपल्याचा वास सुटला. झाकण काढलं तर पाणी आटून मटण बुडाला चिकटलेलं.

"पप्पा, कुकरची रिंग हितं खिळ्याला हाय की!" मोना ओरडली.

पण कलावंत खचतो होय? त्यानं वरचं मटण पातेल्यात काढलं, नारळाचं दूध ओतलं आणि गॅस मोठा केला. दूध फुटलं. मीठ चवीपुरतं घालायचं होतं. कुणाच्या चवीपुरतं ते बाईनं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं मूठभर घातलं.

आक्कानं एक घोट घेतला. "बरा हाय."

विश्वजितची छाती फुगली.

"जळका कुकर घासायला."

निशिगंधानं फोन उचलला आणि 'जमणार नाही' असं लिहायला घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. आक्कानं तिचा हात धरला.

"हो म्हणून कळीव. चूक माझी. ल्हानपणापासनं ह्याचं ताट मी वाढत आले, फुडं तू. आठवडाभर मोना माझ्याकडं. ह्यो एकटाच ऱ्हाऊ दे. पोटात कावळं वरडलं की शिकंल."

सोमवारी संध्याकाळी नाशिकला निशिगंधाचा फोन वाजला.

"निशा, जमलं बघ! रिंग लावली, पाणी मोजून घातलं. तीन शिट्ट्या झाल्या!"

"अरे वा! आणि तांदूळ किती घातलेत?"

फोनमधून कुकरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"अगं, पण शिट्ट्या झाल्या की!"