कुंकू लावलेली सीडी

कोडोलीच्या वाचनालयाला एका बँकेनं जुना कॉम्प्युटर दिला आणि ग्रंथपाल धम्मपालनं आनंदाच्या भरात उद्घाटनाच्या पत्रिका छापून टाकल्या. बँकेनं मशीन आतून पार पुसून दिलंय, ते चालवणारी प्रणालीसुद्धा ठेवलेली नाही, हे नंतर कळलं. तेव्हा गुरुप्रसाद मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लिनक्स घालतो की मी. फुकट असतंय. जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय."

एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एकमेकांसाठी काहीतरी करून ठेवतात, ही कल्पनाच त्याला इतकी आवडली होती, की हजेरी घेतानाही तो मधेच हसायचा. मशीनपुढं गावातली पोरं बसलीत आणि कुठल्याशा बर्फाळ देशातल्या माणसानं लिहिलेलं त्यांच्या बोटांखाली चालतंय, असं त्याला दिसायचं. स्वप्नाला सीडी लागत नाही. मशीनला लागते.

कोल्हापूरच्या कॅफेत तीन दिवस बसून उतरवून घेतलेली फाईल त्यानं पहिल्या सीडीवर जशीच्या तशी ठेवली. घरच्या कॉम्प्युटरनं ती ओळखलीच नाही.

"मास्तर, पेंढी सोडल्याबिगर म्हस खाती व्हय?" कॅफेवाला म्हणाला. "फाईल ठेवायची न्हाय, उलगडून लिवायची."

दुसरी तशी लिहिली. तिच्याकडंही मशीननं ढुंकून पाहिलं नाही. तिसरी लिहिताना कॅफेवाल्यानं विचारलं, "मशीनला आधी सीडी बघायला सांगितलायसा न्हवं?" सांगितलं नव्हतं. घरी येऊन ते सांगितलं, तिसरी घातली, आणि पडद्यावर अक्षरं झरझर धावू लागली. गुरुप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं.

आधीच्या दोन नासक्या सीड्या त्याच्या वडिलांनी, आण्णांनी, शाळवाच्या ज्वारीत बांधल्या होत्या, पहिली विहिरीकडं आणि दुसरी बांधाकडं. उन्हात त्या लखलखायच्या आणि पाखरं उडायची. "तुझ्या शिक्षणाचा पयल्यांदाच उपेग झाला बघ," ते म्हणाले.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुणे जमले. वाचनालयाच्या मशीनलाही आधी सीडी बघायला सांगून गुरुप्रसादनं तिसरी सीडी घातली. मशीन घरघरलं, खोकलं आणि गप्प झालं. सीडी बाहेर काढली, तर चकाकत्या बाजूवर हळद, कुंकू आणि चार अक्षता.

"आई!"

"नव्या वस्तूची पूजा नको व्हय?" आई म्हणाली. "चकाकतंय ते तोंडच की तिचं. वाईच तेल बोटाला लावलं, म्हंजे कुंकू टिकतंय."

धम्मपालनं घाईघाईनं रुमालानं पुसलं. अक्षता घासल्या आणि सीडीवर लांबलचक ओरखडे उठले. आता तर मशीन खोकेनासंही झालं.

"लेका, पावण्यांचा चहा दोनदा झाला," धम्मपाल कुजबुजला. "पोरांना काय सांगू? महिनाभर नाचाय लागल्यात."

गुरुप्रसादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सवयीनं खिडकीबाहेर बघत बसला. वाचनालयामागं त्यांचंच शेत. शाळवावर दोन सीड्या संथ गिरक्या घेत होत्या, उजेडाचे गोल कणसांवरून सरकत होते. फार सुंदर दिसत होतं ते. पहिलीची फाईल उलगडलेली नव्हती, त्याच्या मनात आलं. आणि दुसरीची? दुसरीची उलगडलेली होती! फक्त मशीनला तिच्याकडं बघायला कुणी सांगितलं नव्हतं!

तो ओरखड्यांची सीडी हातात धरूनच, चपला न घालता धावला.

"सोडू नगंस ती! पाखरं बसतील!" आण्णा ओरडले.

"आण्णा, जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय ते!"

"मग येत्यात का ते राखणीला? तिच्या जागी दुसरी बांध, मग ने."

गुरुप्रसादनं कुंकवाची सीडी दोरीला बांधली आणि दुसरी सदऱ्याला पुसत परत पळाला. मशीन घरघरलं. पडदा उजळला, अक्षरं धावली, पोरांनी एकच गिल्ला केला. धम्मपालनं त्याला घट्ट मिठी मारली. आई शेजारच्या बाईला सांगत होती, "तरी मी म्हनत होते, पूजेबिगर न्हाय चालायचं."

संध्याकाळी पोरांना मशीनपुढून उठवून गुरुप्रसाद तरंगतच घरी आला. आण्णा उंबऱ्यात बसले होते.

"तुझी ती कुंकवाची लई भारी हाय रं," ते म्हणाले. "तिच्या बाजूला दिसभर एक पाखरू न्हाय. आईला म्हन, सकाळी विहिरीकडल्या सीडीलाबी लाव."