वरणावरचा उजेड

“साईं, ये बत्ती की दुकान है, खानावल नहीं.”

हे वाक्य माझ्या पाठीमागून आलं. ते कुणाला उद्देशून आहे, हे मला वळून न बघताही कळलं. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या दिव्यांच्या दुकानात आम्ही आलो होतो. मी दारापाशी उभी राहून रस्त्यावरच्या टांग्याकडे बघत होते, जणू मी टांग्याबरोबर आले आहे, आतल्या माणसाबरोबर नाही. आत काउंटरवर आमच्या शेजारच्या ताम्हाणेकाकांनी पितळी डबा उघडला होता. घरून आणलेल्या ताटात भाताची मूद पाडून त्यांनी तिच्यावर वरण ओतलं, बाजूला तोंडल्याची भाजी आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड वाढली, आणि ते ताट दोन्ही हातांनी उचलून पेटलेल्या ट्यूबलाइटखाली धरलं.

“जरा थांबा शेठ,” ते म्हणाले. “आधी पानावर बघू.”

“आधी पानावर बघू” हे काकांचं सगळ्या बाबतींतलं उत्तर होतं. कुणी नवीन साडी दाखवली, कुणी बढतीची बातमी आणली, कुणी नव्या साहेबाची तारीफ केली, तरी काका म्हणत, “आधी पानावर बघू.” म्हणजे माणूस जेवायला बसला की कसा दिसतो ते बघू, मग बोलू. दिव्यांच्या बाबतीत मात्र ते या वाक्याचा अर्थ अक्षरशः घेत. “दिव्याची परीक्षा भिंतीवर करायची नसते. भिंत काय, काहीही सोसते. वरण सोसत नाही.”

अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये ते आमच्या समोर राहत. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी. काकू आम्ही तिथं जायच्या आधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. स्वयंपाक स्वतः करत आणि तो उत्तम करत. शर्टाच्या कोपराला ठिगळ असे, पण ते इतकं नीटस की मुद्दाम लावल्यासारखं वाटावं.

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावरून उठून ते बाबांच्या जागेवर जाऊन बसले. का, तर त्यांच्या जागी त्यांची स्वतःचीच सावली कोशिंबिरीत पडत होती. “स्वतःच्या सावलीत जेवू नये. घास कडू लागतो.” बाबा मग त्या सावलीत जेवले. त्यांना काही कडू लागलं नाही, असं ते नंतर चिडून आम्हाला सांगत होते.

बदलापूरला बेलवलीतल्या एका लग्नात तर त्यांनी कमाल केली. पंगत बसलेली, वाढप चाललेलं, आणि काका पानावरून ओरडले, “अहो गॅसबत्तीवाले! दोन पावलं मागं सरा. मठ्ठा निळा दिसतोय!” बत्तीवाला सरला. वरपक्षाला वाटलं, हे वधूपक्षाचे कुणी मानाचे असतील. वधूपक्षाला वाटलं, वरपक्षाचे. त्यामुळं कुणी काही बोललं नाही. उलट आग्रह करकरून त्यांना जिलेबी मात्र वाढली.

माणसंही ते वॅटमध्ये मोजत. त्यांचे स्टोअर्सचे साहेब पंधरा वॅटचे, “पण छत्री मोठी.” आमचे बाबा शंभरचे, “पण बटण वहिनींकडे.” आई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. आणि मी? मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. शाळेत मराठी बोललं तर दंड आणि घरी इंग्रजी बोललं तर चेष्टा, म्हणून दोन्हीकडे न बोलायचीच सवय लागलेली. काका म्हणाले, “नलूचा वॅट अजून कळला नाही. तिचं बटण कुणी दाबूनच पाहिलेलं नाही.” मला राग आला होता. पण रागही मी मनातच केला.

तर आम्हाला दिवा हवा होता. बाबांना बढती मिळाली आणि क्वार्टर बदलून मिळालं. त्यात एक बाहेरची खोली होती. तिलाच आम्ही हॉल म्हणायचं ठरवलं. आकार असा की एका भिंतीशी जेवणाचं टेबल ठेवलं आणि खिडकीशी चार खुर्च्या, की मधून एकानं आडवं होऊन जावं. छताच्या मध्यभागी एक वायर लोंबत होती, तिला उघडा बल्ब. जेवायला बसलं की उजेड पाठीत, आणि खुर्चीत वाचायला बसलं तरी पाठीतच. बाबांना ट्यूबलाइट हवी होती, कारण मोठ्या साहेबांच्या बंगल्यात ती होती. आईलाही ट्यूबलाइटच हवी होती, पण कारण वेगळं होतं. पुढच्या रविवारी मला बघायला येणार होते. “लख्ख उजेड असला की मुलगी उजळ दिसते,” आई म्हणाली. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनीही सावळ्या रंगाचं नाव न घेता नकार कळवला होता. आता हे तिसरं. मुलगा दादरचा, चांगल्या कंपनीत. बाबा म्हणत होते, “हे जमलंच पाहिजे.” मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं कुणी ठरवलं होतं असंही नाही. ते कुणाला सुचलंच नव्हतं.

बाबांना कारखान्यातून सवड नव्हती. दिव्यातलं काकांना कळतं, म्हणून काकांना सांगितलं. काकांना एकट्याला पाठवलं तर ते दोन दिवस परत येणार नाहीत, म्हणून आईनं सोबत मला धाडलं. अशी मी त्या दुकानाच्या दारात उभी होते.

“नलू, इकडे ये. काय दिसतं?”

मी गेले. ट्यूबखाली वरण खरोखरच भयंकर दिसत होतं. पिवळा रंग गेला होता आणि कुणाच्या तरी आजारपणात केलेलं, उरलेलं वाटत होतं. लोणच्याची फोड काळी पडली होती.

“ये लाइट में आदमी जेवेगा कैसा?” काकांनी शेठना विचारलं.

शेठ दुखावले. “साईं, पूरा कॅम्प ले जाता है. किसी ने कम्प्लेंट नहीं किया.” तरीही त्यांनी स्वतः वाकून ताटात पाहिलं. मग मागच्या दारानं घरात गेले आणि एक वाटी घेऊन आले. वाटीत त्यांच्या घरची साई भाजी होती, पालक आणि डाळीची. त्यांनी ती ट्यूबखाली धरली. बराच वेळ धरली.

“अरे राम,” ते हळूच म्हणाले. “रोज यही खा रहा हूँ मैं?”

त्यानंतर आमचं गिऱ्हाईक आणि दुकानदार हे नातं संपलं. शेठ एकेक दिवा पेटवत, काका ताट धरत, शेठ वाटी धरत, आणि दोघं एकदम माना हलवत. गुलाबी काचेखाली भात लग्नातला वाटला. हिरव्या पत्र्याच्या छत्रीखाली सगळंच कारखान्यातलं वाटलं. शेवटी शेठनी माळ्यावरून एक धुळीनं भरलेला दिवा काढला. दुधी काचेची पसरट छत्री आणि कप्पीवरून वर-खाली होणारी साखळी. “किसी बंगले का माल है. कोई लेता नहीं. बोलते हैं, सिर को लगता है.”

तो पेटला आणि वरण पिवळं झालं. तूप घातल्यासारखं.

काकांनी शेठना ताटासमोर स्टुलावर बसवलं. “पान झालं. आता पानासमोरचा माणूस बघू.” छत्री थोडी खाली ओढून त्यांनी शेठचा चेहरा निरखला. “वा! इस में आप सज्जन दिखता है.”

“और ट्यूब में?”

“ट्यूब में चौकी पे पकड़ के लाया, ऐसा.”

शेठ इतके हसले की शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. मग आम्ही तिघांनी तो वरणभात तिथंच संपवला. मीही दोन घास खाल्ले. परक्या माणसांसमोर मी कधी जेवले नव्हते.

घरी दिवा पाहून बाबांचा चेहरा पडला. “ताम्हाणे, मी ट्यूब सांगितली होती.”

“ट्यूबखाली तुमची आमटी मेली असती.”

“आमटीचं सोडा हो! रविवारी माणसं येणार आहेत!”

“त्यांचाच विचार केलाय,” काका म्हणाले आणि शिडीवर चढले. त्यांनी छताला दोन कड्या बसवल्या. एक टेबलावर, एक खिडकीजवळच्या खुर्च्यांवर, आणि वायर चांगली लांब ठेवली. “खोली एक असली तरी कामं दोन आहेत. जेवताना दिवा इकडे, बसताना तिकडे. दिवा आपल्याकडे आला पाहिजे. आपण किती सरकायचं?” हे मात्र सगळ्यांना पटलं. त्या संध्याकाळी टेबलावर साखळी खाली ओढून आम्ही जेवलो आणि आई अचानक म्हणाली, “अगंबाई, आज भाजीत कोथिंबीर दिसतेय.”

रविवारी संध्याकाळसाठी आईनं बेत आखला. पाहुणे खिडकीजवळच्या खुर्च्यांवर, दिवा टेबलाच्या कडीला, आणि मी टेबलाजवळ बरोब्बर दिव्याखाली. पाहुणे यायच्या थोडं आधी काका उजेड तपासायला म्हणून आले. दारात पावलं वाजली, आई-बाबा सामोरे गेले, आणि तेवढ्यात काकांनी खुर्चीवर चढून दिवा टेबलावरच्या कडीतून काढून खिडकीजवळच्या कडीत अडकवला आणि साखळी हातभर खाली ओढली. आईनं वळून पाहिलं, डोळे मोठे केले. पण तोवर मंडळी स्थानापन्न झाली होती.

मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा तिघं दुधी उजेडात असे बसले होते, जणू तेच दाखवायला आणले आहेत. मामांना घाम फुटला. मी टेबलाजवळ सावलीत. नेहमीप्रमाणे मान खाली घातली. पण थोड्या वेळानं लक्षात आलं की माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाहीये, कारण मी त्यांना धड दिसतच नाहीये. आधीच्या दोन मुलांपैकी एकाचंही तोंड मला सांगता आलं नसतं. मी हळूच वर पाहिलं, आणि पाहतच राहिले.

मुलगा देखणा होता. बोलणं गोड. आईनं पोह्यांच्या बशा आणल्या, तेव्हा काकांना राहवलं नाही. त्यांनी एक बशी उचलून दिव्याखाली धरली. “वा. हळद बोलतेय,” ते स्वतःशीच म्हणाले.

मुलगा म्हणाला, “वा काका, छान छंद आहे तुमचा.” काका खूश होऊन दुसरी बशी आणायला वळले. आणि ते वळताच त्याचा चेहरा बदलला. त्यानं मामांकडे बघून काकांच्या कोपरावरचं ठिगळ डोळ्यांनी दाखवलं, कपाळ खाजवल्यासारखं करत बोट कानाजवळ गोल फिरवलं आणि ओठ दाबून हसला. काका परत वळले, तर चेहरा पुन्हा गोड. सगळं क्षणभरात झालं. उजेड इतका चांगला होता की मला ते सगळं दिसलं.

मंडळी जाताना मामा म्हणाले, “आमच्याकडून होकारच समजा.” बाबा त्यांना फाटकापर्यंत पोचवून आले ते आनंदात, आणि आल्याबरोबर काकांवर उखडले. “होकार आला म्हणून वाचलात! असा दिवा टांगतात? कुणी कुणाला बघायला आलं होतं?”

“आपणही बघायला नको का?” काका म्हणाले. “काय गं नलू, दिसला ना मुलगा?”

मी मानेनं हो म्हटलं.

“मग?”

मी मानेनं नाही म्हटलं.

बाबा म्हणाले, “नाही म्हणजे? का?” कारण मला सांगता येईना. ते काकांच्या समोर कसं सांगणार? बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काकांना विचारलं, पण आता आवाज खाली आला होता. “ताम्हाणे, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?”

काका हसले. “अहो, आमच्या वेळी रॉकेलची चिमणी होती. आमच्या हिला दाखवलं ते त्या उजेडात. हिची मान खाली. लग्नानंतर मी विचारलं, मला बघून काय वाटलं गं? तर म्हणाली, मी फक्त पाय बघितले तुमचे. त्या दिवशी मला ठेच लागली होती, अंगठ्याला चिंधी बांधलेली. ही म्हणाली, इतकी स्वच्छ चिंधी बांधणारा माणूस बरा असणार, म्हणून हो म्हटलं.” काका मोठ्यांदा हसले. “आणि चिंधी बांधली होती माझ्या आईनं! म्हणजे होकार चिंधीला, चिंधी आईची. माझं त्यात काहीच नाही!”

आईही हसली. पण काकांचं हसणं मधेच थांबलं.

“संसार चांगला झाला आमचा. पण चेहरा दिसला असता तर काय म्हणाली असती, हे विचारायचं विचारायचं म्हणत राहून गेलं. आता कुणाला विचारणार? म्हटलं, निदान नलूला तरी बघू दे.”

बाबा उठून पाणी प्याले. “उद्या दादरला नाही म्हणून कळवतो,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. पण माझ्यासाठी.

काका दिवा पुन्हा टेबलाकडे आणण्यासाठी खुर्चीवर चढले. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. इतकी वर्षं समोर राहून मी तो कधी नीट पाहिला नव्हता. नाक मोठं, एक भुवई दुसरीपेक्षा वर, गालावर देवीचे व्रण, आणि कडी सापडेना म्हणून लहान मुलासारखी दाताखाली धरलेली जीभ. आई-बाबा दोघंही तिथं होते. तरी मी उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले,

“काका, काकूंनी तेव्हा मान वर करून बघितलं असतं ना, तरी त्या होच म्हणाल्या असत्या.”