कढईचं माहेरपण

आमच्या ऑनलाइन दुकानातून विकलेली भांडी पहिल्या नागपंचमीला माहेरी येतात. माहेर म्हणजे आमचं कराडचं दोन खोल्यांचं घर. त्या दिवशी चिरायचं नसतं, तळायचं नसतं, त्यामुळे विळ्या आणि कढया मोकळ्याच असतात. कशा येतात हे मी विचारत नाही. लेक दारात उभी राहिल्यावर रस्त्याची चौकशी करायची नसते.

चूक मंदाकिनीची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची. दुकान काढलं तेव्हा पार्सल बंद करण्याआधी ती प्रत्येक भांड्याची तांदूळ, सुपारी, खोबऱ्याची वाटी घालून ओटी भरायची आणि वर हळदीकुंकवाचं बोट टेकवायची. मला वाटलं, बरंच आहे, आत भांडं हलत नाही. ओटी भरून पाठवलेली वस्तू माल राहत नाही, हे इतर दुकानदारांना ठाऊक असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदाही पराती आल्या, किसण्या आल्या. दिंडं खाऊन झाली, गप्पा झाल्या, आणि मी एकेकीला खोक्यात बसवून सासरी रवाना केलं. कुरियरचा खर्च अर्थात माझा. माहेरच्यांनी तो काढून दाखवायचा नसतो, असं मंदाकिनी म्हणते.

सगळ्या गेल्या. एक बिडाची कढई तेवढी राहिली.

कुरियरचा दस्तगीर खोकं घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. खोकं रिकामं, कढई आमच्या शेगडीवर.

“काका, पोरीच्या मनात न्हाई,” तो म्हणाला. “जबरदस्तीचं पार्सल आमच्या नियमात बसत न्हाई.”

“कुठल्या नियमात? लेखी दाखव.”

“माझ्या दोन भनी दिल्यात, काका. मला शिकवू नका.”

मंदाकिनीने कढई उजेडात धरली. आतून सगळा गंज. “अहो, बघा हिची दशा! साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलंय मेलीला. तेलाचं बोट लावलं नाही कुणी. मी नाही हिला पाठवायची.”

इकडे ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर आमचं दुकान आहे, तिथून फोन आला. बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती.

“सर, बाणेरच्या सौमित्र केळुसकरांची तक्रार आहे. त्यांनी वस्तू परत केलेली नाही, तरी ती तुमच्याकडे परत आलीये. कारण काय टाकू?”

“माहेरपण.”

“तो पर्याय नाहीये सर. ‘तुटलेली’, ‘आकार चुकला’ किंवा ‘आवडली नाही’.”

“आवडलंच नाही! पण तिला. सासर.”

“मग मी ‘इतर’ टाकते. पण सर, रविवारपर्यंत वस्तू ग्राहकाच्या पत्त्यावर पोचली नाही, तर तुमचं दुकान कायमचं बंद होईल.”

कारखान्यातली माझी नोकरी गेल्यापासून या दुकानावरच आमचं घर चालतं. मी शेगडीपुढे पाट मांडून बसलो आणि कढईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. जागची हलली नाही.

रविवारी केळुसकर स्वतःच आले. पहिल्यांदा बायकोला न्यायला आलेला जावई असतो तसे, जरा तणतणत, हातात पेढ्यांचा पुडा. वय चाळिशीचं, एकटे राहणारे.

“माझी कढई कुठाय?”

“आधी हातपाय धुवा,” मंदाकिनी म्हणाली. “जेवताना बोलू.”

तिने एव्हाना गंज काढून तेल मुरवलेल्या त्याच कढईतलं भरलं वांगं वाढलं. केळुसकरांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा आवाजच उतरला.

“माझ्याकडे अशी भाजी कधी झाली नाही हिच्यात.”

“धुता कशी?”

“भांडी धुण्याच्या मशीनमध्ये.”

“मशीनमध्ये!” मंदाकिनीने कपाळावर हात मारला. शेगडीवर कढई खणकन वाजली.

केळुसकर पानावरून अर्धे उठले आणि कढईकडे वळून म्हणाले, “चुकलं. पुन्हा नाही घालणार. रोज पुसून तेल लावीन. चल.”

आम्ही वाट पाहिली. मी तिला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. उचलेना.

“केळुसकर,” मी हात जोडले, “तुम्ही तक्रार मागे घेतली नाहीत, तर माझं दुकान गेलं.”

“मी घेईन हो. पण वस्तू माझ्या पत्त्यावर पोचल्याशिवाय ते संकेतस्थळ मला मागेच घेऊ देत नाही.” ते फोनकडे पाहत राहिले. आणखी एक भाकरी मागून घेतली, वांग्याशी संपवली. मग त्यांनी आपला पत्ता बदलला.

दस्तगीरला बोलावून घेतलं. त्याने कढईचा शेगडीवरच फोटो काढला, ‘पोचली’ अशी नोंद केली आणि जाताना म्हणाला, “काका, पावणं गुणाचं दिसतंय.”

मंगळवारी केळुसकरांचं सामान टेम्पोतून आलं. दुकान वाचलं, वर पाच तारेही मिळाले. ते आता बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडून नोकरी करतात, मंदाकिनीला आई म्हणतात आणि जेवण झालं की कढईला तेल लावतात. सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून मोरीच्या दाराशी उभा असतो. आत केळुसकर असतात. दार वाजवलं तर मंदाकिनी रागावते. पहिलं कढत पाणी जावयाचं.