साबळेकाकांची पिन

साबळेकाकांच्या कॅराव्हॅनच्या ब्रेकला मी खोबरेल तेल लावलं.

वाक्य छोटं आहे, पण पचायला जड आहे, हे मला ठाऊक आहे. ब्रेकला तेल लावू नये हे सायकल शिकणाऱ्या पोरालाही कळतं. माझा बचाव एवढाच की मी ते ब्रेकला नव्हे, ब्रेकच्या स्विचला लावलं. हा बचाव मी बायकोला, मीनलला, ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "हो का? म्हणजे विहिरीत नाही, आडात पडलास."

पण तेलाकडे वळण्याआधी काकांकडे वळायला हवं.

साबळेकाका म्हणजे हॅमिल्टनमधले आमचे कुंपणापलीकडचे शेजारी. सत्तरी केव्हाच ओलांडलेले. पिंपरीच्या कारखान्यातून उठून न्यूझीलंडला आले, ऑकलंडच्या ईस्ट टामाकीत दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात उमर घालवली आणि निवृत्त झाल्यावर इथे आले. बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. हिवाळ्यात जँडल्सच्या आत अंगठ्यापाशी चिरलेले लोकरीचे मोजे. शर्टाच्या खिशात माणसं पेन ठेवतात, चष्मा ठेवतात; काका होकायंत्र ठेवायचे. मी एकदा विचारलं, "काका, हे कशाला?" तर म्हणाले, "दिशा कळलेली बरी." मी मनाशी ठरवून टाकलं, वास्तुशास्त्र! माणूस साता समुद्रापार गेला तरी देवघराची दिशा काही सोडत नाही.

आणि अंगणात कॅराव्हॅन. पांढरी, पोटावर तपकिरी पट्टा, आत दोन पलंग, एक शेगडी आणि काकूंच्या मते शून्य हवा. काकू तिला 'डबा' म्हणायच्या.

या डब्याच्या पुढच्या दांडीवर काडेपेटीएवढा एक स्विच होता. त्यात एक पिन खोचलेली. पिनेला बारीक तार, आणि तारेचं दुसरं टोक ओढणाऱ्या गाडीला अडकवलेलं. वाटेत जोड निसटून कॅराव्हॅन गाडीपासून सुटलीच, तर तार ताणते, पिन निघते आणि कॅराव्हॅन स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावून उभी राहते. असा स्विच पुष्कळांच्या कॅराव्हॅनला असतो. तो चालतो का, हे बघायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. काका दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बघायचे.

"गाडी गेली तर गेली," ते म्हणायचे. "डबा थांबला पाहिजे. मागून येणाऱ्याचा काय दोष?"

हे 'मागून येणाऱ्याचा काय दोष' काकांना कुठेही लागू पडायचं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत ते श्रीखंडाच्या पातेल्यापाशी उभे राहायचे. कुणी दुसरा डाव उचलला की मागून आवाज यायचा, "मागून येणाऱ्याचा काय दोष?" एका गृहस्थाने लाजून श्रीखंड परत पातेल्यात टाकलं, तेव्हा काका म्हणाले, "आता तर मागच्यांचा दोष अजूनच कमी झाला," आणि तो डाव त्यांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतला.

आमची ओळख त्या पिनेमुळेच झाली. आम्ही पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ज्या नोकरीसाठी आलो ती नोकरी माझ्या आधीच कंपनी सोडून गेली होती. मीनल हॉस्पिटलात कामाला जायची. मी घरी 'कन्सल्टिंग' करायचो, म्हणजे पडदे लावून लॅपटॉपसमोर बसायचो. एका शनिवारी दार वाजलं.

"मी साबळे, शेजारचा. पिन ओढायचीय. दोन माणसं लागतात. तुम्ही रिकामेच आहात ना?"

'रिकामे' हा शब्द मला झोंबला. पण नाही म्हणायला काही काम तर हवं!

तर पद्धत अशी. मी डब्याला जोडलेल्या काकांच्या गाडीत बसायचं. काकांनी आधी बॅटरी बघायची, तार कुठे विरली आहे का ते बोटाने चाचपायचं, स्विच कोरड्या फडक्याने पुसायचा. मग, "नितीनराव, सावकाश पुढे!" अशी आरोळी. मी गाडी इंचभर पुढे घेतली की काका पिन ओढायचे. मागून कॅराव्हॅन गाडीला अशी धरायची की वाटावं, आई बाजाराला निघाली आणि पोराने पदर पकडला. काका दोन्ही हात वर करून ओरडायचे, "धरलं!" आणि पिन लगेच पुन्हा जागेवर. बाहेर राहिली तर बॅटरी उतरते.

मग चहा, काकूंचे पोहे, आणि या सरकारपासून त्या सरकारपर्यंत सगळ्यांची तपासणी. घरी परतेपर्यंत दुपार. आमची लेक अन्वी मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. पहिल्या शनिवारी सकाळी तीच मला उठवायची, "बाबा, युअर ब्रेक क्लास!"

उन्हाळ्यात आम्ही सगळे राग्लनच्या समुद्रावर जायचो. काका-काकू कॅराव्हॅनमध्ये, आम्ही शेजारी तंबूत. पहिल्या रात्री काकू डब्यात घुसमटतं म्हणून तंबूत यायच्या आणि मी डब्यात काकांचं घोरणं ऐकत पडायचो. सकाळी थालीपिठाचा वास सुटला की आजूबाजूचे गोरे पोहायच्या टॉग्जवर, ओल्या अंगाने, उगाच आमच्यावरून चकरा मारायचे. तेवढ्यात काका त्यांच्या कॅराव्हॅनची पाहणी करून आलेले असायचे. "किया ओरा! युवर केबल, ऑन द टो हुक. नॉट गुड. हुक गोज, केबल गोज!" माणूस आधी दचकायचा, मग वाकून बघायचा, मग तार सोडवून गाडीला वेगळी अडकवायचा. जाताना काकांना बिअर द्यायचा. काका ती मला द्यायचे. त्या उन्हाळ्यांत मी फुकटची जेवढी बिअर प्यालो, ती सगळी दुसऱ्यांच्या निष्काळजीपणाची.

मग मला नोकरी लागली. अन्वी वेलिंग्टनला शिकायला गेली. काकांचा गुडघा कॅराव्हॅनची पायरी चढेना. राग्लन थांबलं. शनिवार मात्र थांबले नाहीत. कुठेही न जाणारी कॅराव्हॅन कुठेही न जाणाऱ्या गाडीला जोडून आम्ही तिचा ब्रेक तपासत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी निकाल दिला, "डबा विकायचा." त्यांच्या मुलाचाही ऑकलंडजवळच्या अल्बनीहून फोन आला. काकांनी जाहिरात दिली. ग्रॅहम नावाच्या एका निवृत्त डेअरीवाल्या शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा त्याला म्हणाले, "ब्रेक, आय चेक एव्हरी मंथ. माय वर्ड." तो बघायला येणार होता शनिवारी. पहिल्याच.

कॅराव्हॅन गेली की शनिवार जाणार, हे मला दिसत होतं. आपल्याला त्याचं एवढं का लागावं, हे दिसत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी उगाच त्यांच्या अंगणात गेलो, पिन हलवून बघितली. घट्ट वाटली. उद्या पाहुण्यासमोर अडकली तर? काकांच्या शब्दाचा प्रश्न! मी घरून खोबरेलाची बाटली आणली. आमच्या घरात टाळूपासून टाचेपर्यंत आणि शिवणयंत्रापासून कुलपापर्यंत सगळ्याला एकच औषध. बाटली हीटरपाशी असते, त्यामुळे तेल पातळ होतं. चांगलं चमचाभर स्विचमध्ये सोडलं. पिन लोण्यासारखी आतबाहेर होऊ लागली. मी समाधानाने झोपलो.

रात्री दहिवर गोठलं. हॅमिल्टनचं गवत सकाळी मीठ पेरल्यासारखं पांढरं होतं. थंडीत खोबरेलाचं काय होतं हे मी लहानपणापासून दर हिवाळ्यात न्हाणीघरात बघितलेलं आहे. पण माणसाला आठवायचं तेव्हा आठवत नाही.

ग्रॅहम वेळेच्या आधीच आला, गमबूट घालून. काकांनी नवा स्वेटर चढवला होता.

"नितीनराव, सावकाश पुढे!"

मी पुढे घेतली. काकांनी पिन ओढली, सवयीने दोन्ही हात वर केले, "धरलं!" म्हणून ओरडले. आणि कॅराव्हॅन गाईमागून वासरू निघावं तशी गुमान माझ्यामागे निघाली. मी 'धरलं' ऐकून निश्चिंत होतो. आरशात बघतो तर काका हात वर केलेले तसेच, आणि लांब लांब जाताहेत. मी ब्रेक दाबला तोवर कॅराव्हॅनने फाटकाजवळची टपालपेटी आडवी केली होती.

काका स्विचकडे बघत होते. एवढी वर्षं दिलेला शब्द असा अंगणात सगळ्यांदेखत पडलेला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

ग्रॅहमने गुडघे टेकून स्विचमध्ये डोकावलं. आत, पिन निघाल्यावर जिथे पत्र्याला पत्रा टेकून वीज सुरू व्हायची, तिथे पांढरं घट्ट काहीतरी साचलं होतं. बोटाला लावून हुंगलं.

"फनी. स्मेल्स लाइक अ लॅमिंग्टन."

लॅमिंग्टन म्हणजे इथला खोबऱ्याचा कीस लावलेला केक. आता लपण्यात अर्थ नव्हता. "कोकोनट ऑइल," मी म्हणालो. "मी. काल संध्याकाळी."

"खोबरेल?" काका म्हणाले. ज्या सुरात माणूस 'विष?' म्हणेल, त्या सुरात.

ग्रॅहम मात्र हसत सुटला. त्याने गाडीतून स्प्रे आणला, स्विच धुतला, पुसला, पिन बसवली. पुन्हा ओढली आणि खिशातून एक छोटं होकायंत्र काढून चाकाजवळ धरलं. काटा गर्रकन फिरला. वीज मिळून ब्रेकमधली चुंबकं जागी झाली होती.

"देअर. गुड ॲज गोल्ड. वन मॅन जॉब." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "सो व्हॉट वॉज ही इन द कार फॉर?"

काका लिंबाच्या झाडाकडे बघू लागले. त्यांच्या खिशातून होकायंत्राची दोरी बाहेर लोंबत होती.

ग्रॅहमने कॅराव्हॅन घेतली. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'झकास'. निघण्याआधी काकांनी त्याच्या गाडीला तार स्वतःच्या हाताने अडकवली, दोनदा ओढून बघितली. डबा कोपऱ्यावरून वळला. अंगणात मागे पिवळ्या गवताचा लांबट चौकोन उरला.

"काका," मी म्हणालो, "हे एकट्यानं होतं?"

"होतं की. पाच मिनिटांत."

"मग मला गाडीत कशाला बसवायचात?"

काकांनी लिंबाचं एक पिवळं पान खुडलं. "तुम्ही पडदे लावून बसायचात. भर दुपारी. हिनं दाखवलं मला खिडकीतून."

"पण मग मला नोकरी लागली. पडदेही उघडले."

"तुमचे उघडले." त्यांनी पान बोटांत चुरगाळलं. "ईस्ट टामाकीत होतो ना, तेव्हा शनिवारी रिकाम्या वर्कशॉपमध्ये जाऊन पुसलेलीच यंत्रं परत पुसायचो. हाक मारायला कुणी नव्हतं. आम्ही आपले आधी आलो. मागून येणाऱ्याचा काय दोष?"

ते वाकून टपालपेटी उभी करू लागले. मी दुसरी बाजू धरली. पेटी उभी राहिली, थोडी कलती.

"आता पुढच्या महिन्यात काय?" मी विचारलं. आवाज जमेल तितका सहज ठेवला.

काकांनी घराकडे बघितलं. "गॅरेजचं मागचं दार कुरकुरतंय. दोन माणसं लागतील."

"येतो की. बिजागऱ्यांना जरासं..."

"या," काका म्हणाले. "तेल मात्र घरी ठेवून या."