धुण्याच्या दगडाची सहल

बिराजदार सर तुम्हाला कधी भेटले, तर नमस्काराची अपेक्षा ठेवू नका. तुम्ही एखाद्या देवळाच्या पायरीवर, पारावर किंवा कुणाच्या ओट्यावर निवांत बसलेले असाल. सर येतील, मान वाकडी करून तुमच्या बुडाखाली बघतील आणि अत्यंत अदबीनं म्हणतील, "जरा उठता का? तुमी चालुक्यायवर बसलाव."

माणूस दचकून उठतोच. मग सर उकिडवे बसतात, खांद्यावरच्या पिशवीतून ब्रश काढून माती झटकतात, पावडरच्या जुन्या डब्यातलं ज्वारीचं पीठ दगडावर भुरभुरतात आणि तळहातानं चोळतात. खोलगट रेघांत पीठ बसतं आणि एखादी गाय, एखादी तलवार, कधी नुसतं वेलबुट्टीचं टोक दिसायला लागतं. काहीच दिसलं नाही, तर सर पीठ पुसतात आणि "बसा आता" म्हणून चालू पडतात. एका लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत नवरदेवाच्या मामाला असं उठवलं होतं. मुलीकडच्यांनी मुद्दाम अपमान केला असं समजून मामा रुसले. त्यांची समजूत काढता काढता पंगत थंड झाली. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा चेहरा पडला होता तो वेगळ्याच कारणानं. "दगड यादवायचा निघाला ओ," ते मला म्हणाले. "मी उगं चालुक्य म्हणून बसलो."

मी त्यांच्याच शाळेत, उदगीरला, गणित शिकवतो. गणिताच्या मास्तराचा आणि सातशे वर्षांपूर्वीच्या दगडांचा संबंध यायचं कारण नव्हतं. पण माझं अक्षर चांगलं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. हे दोन दोष एकाच माणसात असले की शाळेत त्याचं काय होतं, हे मास्तरांना सांगायला नको.

सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बायकोनं चहा ठेवला. चहा होईपर्यंत सर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिला विचारलं, "वहिनी, हा पाटा जरा पालथा करून बघू का?" पाट्यावर चटणी वाटून तयार होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. चटणी ताटलीत गेली, पाटा पालथा झाला, पीठ चोळलं गेलं. मग सर उठले आणि बायकोला म्हणाले, "पाटाच हाय, वहिनी." घरात कुणी गेल्यावर बोलतात तसा त्यांचा आवाज होता. बायकोला कितीतरी दिवस आपल्या पाट्यात काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं.

सरांचं म्हणणं असं, की राजे लोकांचं सगळं पुस्तकात आलेलं आहे. "आपल्या लोकायचं पुस्तकात न्हाई. ते न्हाणीत सापडतंय." त्यामुळे बाकीच्या शाळांच्या सहली लांबलांबच्या बागांना आणि पाण्याच्या घसरगुंड्यांना जात असताना आमच्या नववीची सहल चालत निघायची. सकाळी किल्ला. तिथं एखाद्या पोरानं भिंतीवर खिळ्यानं नाव कोरायला घेतलं, की सर मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "कोरायचंय? कोर की. पण आधी गावाची गुरं सोडवताना लढून मर. मंग तुझं नाव मी सोता कोरतो." पोरगं खिळा टाकून पळायचं. आणि किल्ला झाला की सगळी वरात खैरूनखालाच्या अंगणात.

खैरूनखाला किल्ल्याकडच्या एका गल्लीत एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा शौकत हैदराबादला एसी दुरुस्तीच्या कामात. ईदला येतो, कधी येत नाही. तिच्या अंगणात नळाजवळ कपडे धुण्याचा एक लांबरुंद दगड आहे. वरून गुळगुळीत. पण खालच्या अंगाला अख्खा वीरगळ कोरलेला आहे. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. तळाला घोड्यावरचा वीर आणि मागं गायी, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला. कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी दगड उपडा घातला म्हणून ते चित्र बरंचसं शाबूत राहिलं. ते बघायचं तर दगड उलटा करावा लागतो आणि त्याला पहार, दोरखंड आणि आठ दांडगी पोरं लागतात. एका वर्षी माझं बोटही लागलं होतं. ते नख अजून वाकडंच वाढतं.

पण खालाची अट होती. "आधी माझ्या गोधड्या, मंग तुमचा इतिहास."

तिचंही बरोबर होतं. दगड एकदा उलटला की संध्याकाळपर्यंत धुणं बंद. म्हणून पोरं आधी ओळीनं बसून गोधड्या धुवायची, दोघं दोघं दोन टोकं धरून पिळायची, भिंतीवर वाळत घालायची. मग दगड उलटायचा. एका पालकानं मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार केली होती, की इतिहासाच्या सहलीला गेलेली आमची मुलगी दुसऱ्याच्या गोधड्या धुऊन आली. सरांनी उत्तर दिलं, "तिला विचारा, अप्सरा किती हायत." मुलीनं बरोबर आकडा सांगितला. तक्रार मिटली.

दगड उलटला की माहिती सांगायचा मान सरांचा. पण दोन वाक्यं झाली की खाला ताबा घ्यायची. "ये जो घोडेवाला है ना, ये आपल्याच गल्लीतला. चोरांच्या मागं एकटा गेला, बाकीचे मर्द घरात बसले."

"खाला, एकटा गेला ह्याला पुरावा न्हाई," सर कळवळून म्हणायचे.

"पुरावा कायको? बघा की, नाक आमच्या शौकतसारखं हाय."

घोडेवाल्याचं नाक कधीच झिजून गेलेलं आहे. पण पोरं माना डोलवायची, खाला मूठ मूठ फुटाणे वाटायची आणि सर पिठाचा डबा मिटून गप्प उभे राहायचे. अर्ध्या शतकाच्या फरकावरून वर्तमानपत्रात पत्रं पाठवणारा हा माणूस तिच्यापुढं कसा काय गप्प बसतो, याचं मला कोडं होतं.

सहल झाली की आठवड्याभरात माझी पाळी. संग्रहालयाला पत्र. 'सदर वीरगळ अत्यंत मौल्यवान असून तो आपल्या ताब्यात घेऊन जतन करावा, ही नम्र विनंती.' सर सांगायचे, मी सुवाच्य अक्षरात लिहायचो. ते पत्र सर आधी खालाला वाचून दाखवत, मग टाकत. खाला गल्लीभर सांगत फिरायची, "आमच्या दगडाचं सरकारात चालू हाय." अशी अकरा पत्रं मी लिहिली. उत्तर एकाचंही नाही. सरकारी खातं म्हणजे असंच, असं म्हणून मी दरवर्षी मनातल्या मनात चार शिव्या हासडायचो.

बारावं पत्र सरांच्या नोकरीतलं शेवटचं. त्याच सुमारास त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ते लातूरला दवाखान्यात गेले. स्टाफरूमच्या खणात मला ते पत्र दिसलं. पाकीट बंद, तिकीट लावलेलं. मला वाटलं, गडबडीत राहिलं असेल. निवृत्त होताना तरी माणसाचं काम व्हावं, म्हणून मी स्वतः पोस्टात गेलो आणि ते रजिस्टर करून आलो. आपण फार मोठं काम केलं असं वाटून मी त्या दिवशी येताना जिलेबी आणली.

महिन्याभरात उत्तर आलं. मंगळवारी टेम्पो येतोय.

मी उड्या मारतच सरांना पत्र दाखवलं. सरांनी ते काळ्या चष्म्यातून दोनदा वाचलं. "तुमी टाकलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आभार मानू नका." त्यांनी खरोखरच मानले नाहीत. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नाही. मला वाटलं, आनंद झाला की काही लोकांची भूक जाते.

मंगळवारी टेम्पो आला. बरोबर फाईल घेतलेला एक बारकासा बाबू आणि दोन हमाल. खालानं अंगण धुऊन काढलं होतं, डोक्यावर ठेवणीतली ओढणी होती. गल्ली बाहेर टेम्पोभोवती जमली होती.

"न्या बाबा," खाला म्हणाली. "सरांनी लई वर्सं लिहिलं. त्यांच्या मनासारखं होऊ द्या." मग तिनं बाबूला विचारलं, "मंग आता लेकरं तिकडंच येतील न्हवं?"

"हो आजी. शाळांसाठी वेगळी वेळच ठेवलीय."

"चांगलं हाय की," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आतून कितीतरी वेळ भांड्याचा आवाजही आला नाही.

सर दगडाजवळ उभे होते. हमालांनी पहार लावली तसे ते एकदम पुढं झाले. "थांबा. साहेब, माझी चूक झाली. हा साधा दगड हाय."

बाबू म्हणाला, "पत्रात तर अप्सरा वगैरे..."

"मोतीबिंदू होता मला."

"उलटून बघू की मग."

"काय बघता? मी बघितलंय. खाली नुसते छिन्नीचे टाके हायत. तुमच्या माणसायची कंबर कामून मोडायलाव?"

हमालांनी याला मनापासून दुजोरा दिला. बाबूनं फाईलमधून छापील फॉर्म काढला आणि लिहून द्या म्हणाला. सर माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहायला लागले, त्यामुळे मला ते दिसलं नाही. नंतर बाबूनं पुटपुटत वाचलं. वस्तूचा प्रकार: धुण्याचा दगड. काळ: चालू.

खाला चहा घेऊन आली तोवर टेम्पो सुरू झाला होता. "क्या हुआ?" तिनं विचारलं. सर खाली बघत म्हणाले, "त्यायला वळखू आला न्हाई, खाला."

मग खालानं त्या बिचाऱ्या बाबूचा जो उद्धार केला, तो किल्ल्यापर्यंत ऐकू गेला असेल. "डोळे हायत का बटनं? एवढा घोडा दिसंना?" गल्लीच्या तोंडाला टेम्पो वळेपर्यंत ती बोलत होती. मग सरांकडे वळून म्हणाली, "सर, तुमी आता वर लिहा."

"लिहितो," सर म्हणाले. तिघांनी मिळून सहा जणांचा चहा प्यायला.

परत येताना मी सरांना बोललो. फार बोललो. अकरा वर्षं माझ्याकडून पत्रं लिहून घेतली आणि दगड न्यायला आले तर शतकच बदलून दिलं? शाळेत येऊन सरांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागं, माझ्या सुवाच्य अक्षरातली अकरा पाकिटं सुतळीनं बांधून ठेवलेली होती. तिकिटांसकट.

"पहिलं टाकाया निघालो होतो," सर म्हणाले. "खालाला वाचून दाखवलं तर ती खुश झाली. म्हणाली, दगड जाईल तर जाऊ द्या, पण तवर पोरायला आणत ऱ्हावा. पोस्टाच्या पेटीपाशी गेलो अन् हात आत जाईना." त्यांनी सुतळीची गाठ घट्ट केली. "एकट्या बाईला किती गोधड्या लागतात ओ? आख्ख्या गल्लीच्या गोळा करून ठेवते. लेकरं जरा जास्त येळ थांबावीत म्हणून. माझ्याबी घरी कुणी येत न्हाई, सर. मला समजतंय ते."

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नाही. अकरा वर्षं त्या गोधड्या मी मोजत होतो आणि गणिताचा मास्तर असून मला हिशेब लागला नव्हता.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. या वर्षीची सहल मी नेली. सर पोरांच्या ओळीत, शेवटून दुसरे चालत होते. अंगणात नेहमीपेक्षा दोन गोधड्या जास्तच होत्या.

"काय गणितवाले," खालानं मला गाठलं, "वर लिहिलेलं पत्र टाकलं का?"

"टाकलं, खाला." ते शाळेच्या कपाटात, सुतळीच्या गठ्ठ्यात होतं.

बिराजदार सर ओल्या गोधडीचं एक टोक धरून उभे होते. त्यांनी दुसरं टोक माझ्याकडे केलं. "धरा," ते म्हणाले, "अन् जोरानं पिळा."