मागच्या शनिवारांची फेरवाटणी

शुक्रवारी दुपारी चार वाजता, कौटुंबिक न्यायालयामागच्या भेट केंद्रात, नंदकिशोर ढवळेच्या आपल्या मुलीबरोबरच्या सगळ्या भेटी रद्द झाल्या. पुढच्या तर झाल्याच, दोन वर्षांत होऊन गेलेल्याही झाल्या.

रद्द करायची होती एकच. शनिवारी केंद्राच्या हॉलमध्ये कसलंसं प्रशिक्षण होतं, म्हणून समन्वयक पाठारे मॅडमनी टॅबलेटवरचं कॅलेंडर उघडलं आणि त्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवलं. कॅलेंडरने विचारलं, फक्त हीच भेट काढायची, की मालिकेतल्या सगळ्या? बोट ‘सगळ्या’वर पडलं. खाली ‘पूर्ववत करा’ अशी पट्टी आली. मॅडम तेव्हा चहाचा कप शोधत होत्या. पट्टी गेली आणि शनिवारही गेले.

नंदकिशोर एसटीच्या वर्कशॉपमध्ये फाटक्या सीटांना रेक्झिन चढवतो. मुलगी शर्वाणी वर्षाची होती तेव्हा बायको वेगळी झाली. आता मुलगी सात वर्षांची. बापाची आणि तिची जी काही ओळख होती, ती त्या शनिवारांचीच.

सोमवारी मॅडमनी सर्वांना बोलावून घेतलं.

नंदकिशोर आत आला तेव्हा शर्वाणी आईच्या खुर्चीमागे उभी होती. त्याने नेहमीसारखे हात पसरले. ती आईला आणखी चिकटली.

“दोन वर्षांत एकदा तरी फिरकलात का?” शर्वाणीची आई मनीषा म्हणाली. “कोर्टाने शनिवार दिला होता. पोरीला तयार करून मी नुसतं घरात बसवायचं का?”

“अगं, तूच घेऊन यायचीस! त्या खिडकीपाशी बसून विणायचीस!”

“मी? इथे मी आज पहिल्यांदा येतेय.”

ती खोटं बोलत नव्हती. भेटीचं निमंत्रण कॅलेंडरने तिच्या फोनवर पाठवलं होतं, ते तिने स्वीकारलं होतं, म्हणून मालिका निघाली तेव्हा तिच्याकडचं आणि तिच्या ताब्यातल्या मुलीकडचं सगळं निघालं, आठवणींसकट. नंदकिशोरचा फोन बटणांचा. त्याला निमंत्रण कधी गेलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडून काही काढून घेता आलं नाही.

“म्हणजे तुमच्याकडे जे आहे ते नोंदीबाहेरचं आहे,” मॅडम समजावत म्हणाल्या. “त्याबद्दल कारवाई करणार नाही आम्ही. पण ते धरताही येत नाही.”

“मॅडम, चूक तुमच्या बोटाची.”

“बोट केंद्राचं. आणि केंद्राने परवानगी असलेलंच बटण दाबलंय.”

“काका,” शर्वाणी आईच्या मागून म्हणाली, “तुम्ही मॅडमवर का ओरडताय?”

नंदकिशोरने खालच्या आवाजात विचारलं, “मग पुन्हा टाका ना. मागच्या तारखांना टाकता येत नाही का?”

“येतं. पण जागा रिकामी नाही.” मॅडमनी टॅबलेट त्याच्याकडे वळवला. गेल्या वर्षीचे, त्याच्या आदल्या वर्षीचे सगळे शनिवार हिरवे झाले होते आणि प्रत्येकावर जगदाळे असं नाव होतं. “वेळ मोकळी झाली की प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला आपोआप जाते. जगदाळे पहिले होते.”

जगदाळे कोपऱ्यातल्या बाकावरच बसला होता. रसवंतीवाला माणूस, मनगटापर्यंत उसाचे ओरखडे. त्याच्या गळ्यात सहा वर्षांचा मुलगा लोंबकळत होता आणि बापाच्या कानात काहीतरी सांगून खिदळत होता.

“दादा, मी मागितले नव्हते हो तुमचे,” जगदाळे उठत म्हणाला. “यादीत नाव घालून वाट बघत होतो. शनिवारी सकाळी पोराच्या मामाचा फोन आला, पोरगं रडतंय, बापाकडे जायचंय म्हणतंय. ज्याला माझं तोंड ठाऊक नव्हतं ते पोर! आणि मलाही सगळं आठवतंय. इथंच पत्ते खेळायचो आम्ही. हा लबाडी करतो.”

“तूच करतोस,” मुलगा म्हणाला.

मॅडमनी घसा साफ केला. “ढवळे, तुम्हाला हरकत घेता येते. हरकत मान्य झाली तर जगदाळेंची मालिका काढू आणि तुमची पुन्हा बसवू. दोघांच्या एकत्र बसत नाहीत. हॉल एकच आहे.”

“काढली की?”

“की हा मुलगा यांना ओळखणार नाही. पूर्वी ओळखत नव्हताच.”

मॅडमनी स्क्रीनवर लिहायची ती बारीक पांढरी काडी त्याच्या हातात दिली. सही करायचा चौकोन उघडा होता. नंदकिशोरने शर्वाणीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या चित्रातले ससे मोजत होती. त्याने काडी चौकोनावर टेकवली. तेवढ्यात जगदाळेने मुलाचं डोकं आपल्या छातीत दाबून धरलं. पोराने हे बघू नये एवढंच त्याला वाटत असावं.

नंदकिशोरने काडी टेबलावर ठेवली.

“हरकत नाही, असं टाकते,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तसं टाकलं.

“मग नव्याने द्या शनिवार. आजपासून पहिल्यापासून सुरू करतो.”

“देऊ की. पण दोन वर्षांत एकदाही न आलेल्या पालकाला नवी वेळ देताना मुलाची ओळख असल्याची खात्री करून घ्यावी लागते.” मॅडम शर्वाणीकडे वाकल्या. “बाळा, हे कोण?”

शर्वाणीने त्याला नीट, मनापासून बघितलं. तिला मदत करायची होती. “रिक्षावाले काका?” ती म्हणाली.

अर्ज तिथेच निकाली निघाला. जगदाळे मुलाला घेऊन निघाला. जाताना नंदकिशोरला हात जोडावेत की नाही हे त्याला ठरवता आलं नाही, म्हणून त्याने नुसतीच मान खाली घातली.

मागोमाग नंदकिशोरही गेला. मनीषा मात्र दारातून परत फिरली. “मॅडम, तुमच्याकडे लहान मुलांची माहिती असते म्हणून विचारते. हिचा खालचा एक दात पडलाय. शुक्रवारी संध्याकाळी वेणी घालताना दिसलं. जखम जुनी आहे, नवा दात डोकावतोय. घरात पडलेला नाही. शाळेत विचारलं, बाई म्हणाल्या इथे नाही. हिलाही आठवत नाही.”

मॅडमनी कॅलेंडर वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कळवलं की केंद्राच्या नोंदीत शर्वाणी ढवळे हिचा दात पडलेला नाही.

तो कोणत्या शनिवारी, कोणासमोर पडला, याचा खुलासा अद्याप कोणीही केलेला नाही.