मिस्टर एल्फिक बसले ते बसलेच

"कसलं वजन उचलता?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हेझल बेडोज "खताची पोती" असं म्हणाली. गेली अकरा वर्षं आपण आठवड्यातून चारदा नवऱ्याला मोटारीतून उपसून काढतो, हे तिला सांगवेना.

घरी आल्यावर तिनं कोट काढला नाही. काढताच येईना.

"नॉर्मन," ती म्हणाली, "माझा खांदा किंवा तुझी बीट्रिस. डॉक्टर म्हणाले, दोन्ही राहायचं नाही."

"डॉक्टर बीट्रिसबद्दल बोलले?"

"ते खताबद्दल बोलले. खत म्हणजे तू."

बीट्रिस म्हणजे अडुसष्ट सालची हिरवी, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स मोटार. नॉर्मनच्या आयुष्यात ती हेझलच्या दोन वर्षं आधी आली होती आणि हे त्यानं चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाच बोलून दाखवलं होतं. बीट्रिसमध्ये कुणी बसत नसे, पडत असे. बूड जमिनीपासून वीतभर उंचीवर टेकायचं. शेजारून ट्रक गेला तर डोळ्यांसमोर त्याच्या चाकाचे नट यायचे. पडणं एकवेळ ठीक होतं. उठताना मात्र नॉर्मनचा उजवा पाय आधी बाहेर येई, आणि मग बराच वेळ काहीच येत नसे. शेवटी हेझल त्याचे दोन्ही हात धरून "एक, दोन" म्हणे, आणि तीनला तो बाटलीच्या बुचासारखा निघे. एकदा बाजाराच्या चौकात लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"विकतो," नॉर्मन म्हणाला. कोट अर्धवट काढून उभी असलेली बायको पाहिल्यावर दुसरं काय म्हणणार?

पोस्टाच्या खिडकीत लावायच्या जाहिरातीच्या कार्डाचा पहिला खर्डा, नॉर्मनच्या अक्षरात:

*देणे आहे, पण योग्य माणसालाच. तेल गळते, म्हणजे तेल आहे. पाऊस नसताना वायपर उत्तम चालतात. शेजारच्या माणसाचा डावा पाय थोडा भाजतो, थंडीत सोयीचे. रंग बदलण्याचा विचार असणाऱ्यांनी येऊ नये. खरं तर कुणीच*

इथे हेझलनं कार्ड काढून घेतलं. दुसरा खर्डा, तिच्या अक्षरात:

*जुनी स्पोर्ट्स कार. हिरवी. घेऊन जा.*

बीट्रिसच्या जागी काय घ्यायचं, हेही हेझलनंच ठरवलं. तिची कसोटी साधी होती. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून नॉर्मन एकटा उठतो. खुर्ची मोजली, अठरा इंच भरली. मग शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तिनं श्रॉपशर परगण्यातल्या चार शोरूममधल्या गाड्यांच्या सीटा मोजल्या. इंजिनाबद्दल बोलू पाहणाऱ्या सेल्समनला तिनं टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. अठरा इंचांची एकच निघाली: उंच, गोलमटोल, लापशीच्या रंगाची. शनिवारी पाचपर्यंत राखून ठेवतो, असं शोरूमवाले म्हणाले.

"तिच्यात बसलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं," नॉर्मन म्हणाला.

"तिथनंही तू एकटा उठतोस."

गिऱ्हाइकं आली तशी गेली. एकाला बीट्रिस लाल करायची होती. एकीनं फोन जोडायची सोय कुठाय म्हणून विचारलं. तिसरा माणूस तिला "हे युनिट" म्हणाला. तिघांनाही नॉर्मनचं उत्तर एकच होतं, "कळवतो हं." आमच्याकडे याचा अर्थ काय ते गाडीपाशी झोपलेल्या मांजरालाही कळतं.

"आज शनिवार," हेझल म्हणाली. "कपबशी उजव्या हातानं धरतेय मी, नॉर्मन. मी डावखुरी आहे."

दुपारी दोन वाजता मिस्टर एल्फिक आले. उंच, गोलमटोल, लापशीच्या रंगाच्या गाडीतून आले. नॉर्मननं पुढे होऊन त्यांच्यासाठी फाटक धरलं. आपल्यासारखाच भोगणारा कुणी भेटला की धरतात तसं.

मिस्टर एल्फिक चौऱ्याहत्तर वर्षांचे, टाय लावलेले. जन्मभर त्यांनी लोकांचे पियानो सुरात लावले होते. बीट्रिसला हात लावायच्या आधी त्यांनी "लावू का?" असं विचारलं. नॉर्मननं इंजिन सुरू केलं, तर ते डोळे मिटून उभे राहिले.

"तिसऱ्या सिलिंडरला थोडी सर्दी आहे," ते म्हणाले.

"एकोणनव्वदपासून," नॉर्मन म्हणाला.

"माझ्याकडे अश्शीच होती. पहिलं मूल झालं, विकली. घरी सांगितलंय की घेवड्याच्या वेलाला काठ्या आणायला जातोय. काठ्या आधीच घेतल्यात, डिकीत आहेत." ते जरा घुटमळले. "एकदा बसून बघू?"

"बसा की."

ते बसले. धप्प आवाज आला. त्याच्या मागोमाग आणखी एक आवाज आला, बारीक, सुकी काटकी मोडल्यासारखा. नॉर्मन अकरा वर्षं तोच आवाज आतून ऐकत आला होता.

"आरामशीर आहे," मिस्टर एल्फिक म्हणाले.

(डावा गुडघा. गेला.)

"आहेच मुळी," नॉर्मन म्हणाला.

(ऐकला मी.)

"जरा बसतो इथंच. तुमची हरकत नसेल तर."

(क्रेन.)

"हरकत कसली. घाई काय आहे?"

(शोरूम पाचला बंद होतं.)

भीड भिकेची बहीण म्हणतात. श्रॉपशरमध्ये ती सख्खी आई आहे. पाहुण्याला "उठता येत नाही का?" असं विचारणं म्हणजे त्याला तोंडावर म्हातारा म्हणणं. आणि "मला उठवा" असं परक्याला सांगण्यापेक्षा मिस्टर एल्फिक तिथंच पेन्शन मागवून घेतील. तेव्हा दोघांपुढे एकच सभ्य मार्ग उरला.

चहाचा पहिला कप. हवेबद्दल बोलणं झालं. हवा बरी होती.

दुसरा कप, फळांचा केक. मागच्या आठवड्यातल्या हवेबद्दल बोलणं झालं. केकची बशी मिस्टर एल्फिकनी स्टिअरिंगवर ठेवली आणि ती ठेवायला तिथं खास जागा केल्यासारखी शोभते, असं म्हणाले.

हेझलनं नॉर्मनला स्वयंपाकघरात बोलावलं. "ते उतरत का नाहीत?"

"त्यांना आवडलीय."

"अकरा वर्षं ओढतेय मी. आवडलेला माणूस आणि अडकलेला माणूस मला मागनंसुद्धा ओळखू येतो. चल, मी धरते एक हात."

"नाही," नॉर्मन म्हणाला. एरवी तो हेझलला इतक्या पटकन नाही म्हणत नसे. "तुझा खांदा."

"मग तू ओढ."

"माझ्यानं कुठलं ओढवतंय? आणि ते काही बोललेच नाहीत. न बोलणाऱ्या माणसाला ओढणं म्हणजे मारामारी."

तिसरा कप. आता बुरबुर पाऊस सुरू झाला. पाहुण्याला भिजत ठेवणं बरं नव्हे म्हणून नॉर्मननं बीट्रिसचा टप वर ओढला. त्याला वीस मिनिटं लागली, कारण मधल्या दोन कड्या बसत नाहीत, आणि त्या तशाच का सोडल्यात हे त्यानं मिस्टर एल्फिकना सविस्तर सांगितलं. टप लागल्यावर लक्षात आलं की आधी माणूस नुसता अडकला होता, आता त्याच्यावर झाकणही बसलं. खिडकीच्या फटीतून चौथा कप आत गेला.

"पुरे हं चहा," आतून आवाज आला. त्या आवाजात प्रथमच थोडी कळकळ होती. तीन कप चहा पोटात असलेल्या माणसाच्या आवाजात असते तशीच.

साडेचार वाजले. हेझल अंगणात आली, हातात टेप. येताना ती मिस्टर एल्फिकच्या गाडीपाशी थांबली, दार उघडून काहीतरी मोजलं, आणि गाडीकडे जरा आदरानं पाहिलं. मग नॉर्मनच्या कानात म्हणाली, "आता काहीतरी कर. नाहीतर मीच ओढते, खांदा राहो की जावो."

आणि नॉर्मनला युक्ती सुचली. माणसाला न दुखवता त्याचा हात धरायची एकच रीत आहे: हस्तांदोलन. एकदा हात हातात आला की हलवता हलवता हळूच ओढायचं. त्याला कळायच्या आत तो उभा, आणि कुणी कुणाला काही म्हणायचं कारणच नाही. नॉर्मननं दार उघडलं, पाय रोवले, हात पुढे केला आणि काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणाला, "बरं तर मग, मिस्टर एल्फिक."

मिस्टर एल्फिकनी हाताकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्यांनी हात घट्ट धरला.

नॉर्मननं ओढलं. मिस्टर एल्फिक हलले नाहीत. नॉर्मन हलला, आतल्या बाजूला. अर्धं धड टपाखाली गेलं, टोपी केकच्या बशीत पडली. हेझलनं मागून पट्टा धरला म्हणून बरं, नाहीतर बीट्रिसमध्ये आणखी एक पाहुणा झाला असता. एवढ्या गडबडीतही दोघांनी हात सोडले नाहीत, कारण आधी सोडणं उद्धटपणाचं दिसतं.

"ठरलं तर," मिस्टर एल्फिक क्षीण आवाजात म्हणाले.

नॉर्मन गारठला. आमच्याकडे हातात हात पडला की सौदा झाला. त्यातून मागे फिरणाऱ्याशी पोस्टाच्या रांगेत कुणी हवेबद्दलसुद्धा बोलत नाही. बीट्रिस विकली गेली होती. विकायचा विचार अजून पक्का न झालेल्या माणसानं ती विकली होती, आणि नुसती बसून बघायला आलेल्यानं घेतली होती.

"मी खरं म्हणजे नुसता..." मिस्टर एल्फिक म्हणाले, आणि थांबले. स्टिअरिंगवर त्यांची बोटं पियानोवर ठेवल्यासारखी पसरली होती. "नाही. काही नाही. उत्तम झालं."

"तुमची ती गाडी?" हेझलनं विचारलं.

"तिचं आता..." तिच्यापर्यंत जायचं तर आधी उतरावं लागणार होतं. हे तिघांनाही दिसत होतं आणि तिघंही पावसाकडे पाहत होते.

"इथंच राहू द्या," हेझल म्हणाली. "भाव उन्नीस-बीसच असेल दोन्हींचा. फिट्टंफाट. कागद पोस्टानं पाठवा."

"मिसेस बेडोज," मिस्टर एल्फिक म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले." त्यांच्या गाडीची किल्ली खिडकीच्या फटीतून बाहेर आली. पाठोपाठ बशी, तीत टोपी.

बीट्रिस खोकली, मग सुरू झाली. सर्दी झालेल्या तिसऱ्या सिलिंडरसकट ती फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर चर्चमागे दिसेनाशी झाली. नॉर्मन रस्त्याकडे पाहत उभा राहिला. जमिनीवर तेलाचा एक थेंब होता.

"पाचला दहा कमी," हेझल म्हणाली. "शोरूमला नको म्हणून कळवते."

"किती इंच भरली?"

"सव्वाअठरा."

संध्याकाळी सातला फोन आला. हेझलनं उचलला.

"मी ग्वेन एल्फिक. पोस्टातल्या कार्डावर तुमचा नंबर होता. माझे मिस्टर घेवड्याच्या काठ्या आणायला गेले होते."

"आमच्याकडे आहेत. डिकीत."

"असं. कारण ते आलेत, काठ्या आल्या नाहीत, आणि ते दारात एका हिरव्या न्हाणीच्या टबात बसलेत. दीड तास झाला. विचारलं तर म्हणतात, मजा येतेय. जेवण मी तिथंच दिलं. मला एवढंच विचारायचंय, साधारण किती वेळ येते ही मजा?"

"ऐका," हेझल म्हणाली. खुर्ची ओढून बसली. "आधी उजवा पाय बाहेर काढायला सांगा. मग दोन्ही हात धरायचे, मनगटांना, बोटांना नाही. एक, दोन म्हणायचं आणि तीनला मागं झुकायचं, वर नाही. आणि तोंडाकडे बघायचं नाही त्यांच्या, त्यांना लाजल्यासारखं होतं. खांदे कसे आहेत तुमचे?"

"चांगले आहेत की. का?"

हेझलनं आपला डावा खांदा चोळला. "नाही, सहज," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ते काठ्या पोचवायला निघाले. लापशीच्या गाडीत नॉर्मन बसला, म्हणजे खरोखरच बसला. उंचीवरून त्याला कुंपणापलीकडची शेतं दिसत होती. चाळीस वर्षं या रस्त्यानं जाऊन तिकडे मेंढ्या असतात हे त्याला माहीत नव्हतं. ते त्यानं हेझलला सांगितलं नाही.

एल्फिकांच्या दारात बीट्रिस उभी होती. टप खाली होता, कुणीतरी तिला धुतलं होतं. तिच्या शेजारी गवतावर उशी ठेवलेली होती. ती उतरताना आधी तिच्यावर टेकायसाठी, हे नॉर्मनला कळलं, आणि हे आपल्याला इतक्या वर्षांत का सुचलं नाही म्हणून त्याला वाईट वाटलं.

त्यानं इंजिन बंद केलं, दार उघडलं, आणि उभा राहिला. एका दमात, एकटाच.

समोर हेझल होती. सवयीनं आपल्या बाजूनं उतरून, वळसा घालून, पाय रोवून, दोन्ही हात पुढे करून उभी. दोघांनीही त्या हातांकडे पाहिलं. हेझलला ते कुठे ठेवावेत कळेना.

नॉर्मन पुन्हा आत बसला. उजवा पाय बाहेर काढला. हात पुढे केले.

"एक," हेझल म्हणाली. "दोन."

तीनला तो स्वतःच उठला, तिच्या हातांवर पिसाएवढंही वजन न टाकता.

"जपून," तो म्हणाला. "खांदा."

"काठ्या घे," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.